आईला काय म्हणतात

"माझी याडी ऊसतोडीला गेलीय," चौथीत नव्यानं आलेली जमुना म्हणाली आणि पहिल्या बाकावरची ओजस्वी खिदळली. "येडी? हिची आई येडी!" सगळा वर्ग हसला. त्यानंतर चार दिवस जमुना कुणाशीच बोलली नाही.

पाचव्या दिवशी बाईंनी विचारलं, "घरी आईला कोण काय हाक मारतं?" मम्मी, अम्मी, माय, बय... फळा भरत गेला. शेवटी बाईंनी स्वतः लिहिलं, याडी. "बंजारा बोलीत आईला असं म्हणतात."

ओजस्वीच्या मनात आलं, माझ्या आईला कुणी वेडी म्हटलं असतं तर? मधल्या सुट्टीत ती खिचडीची ताटली घेऊन जमुनाशेजारी जाऊन बसली.

"चुकलं माझं. मला खरंच माहीत नव्हतं गं."

जमुना खाली बघून खिचडी चिवडत राहिली.

उठून जावं, असं ओजस्वीला वाटलं, पण ती बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "तुला तुझ्या याडीची आठवण येते?"

जमुनाचे डोळे भरले. तिनं मान हलवली आणि मग ती बोलायलाच लागली. खिचडी गार झाली, घंटाही झाली, तरी जमुना आईबद्दल सांगत होती आणि ओजस्वी ऐकत होती.