कंसाबाहेरचा वजा

सुनेने पुन्हा तेच केलं. ७अ − (३अ − ५) याचं उत्तर तिने लिहिलं, ४अ − ५. अकरा उदाहरणं झाली, तरी येरे माझ्या मागल्या.

पालथ्या घड्यावर पाणी, असं सासरे पुटपुटले. निवृत्त गणित मास्तर ते. त्यांचं पुटपुटणंही शेवटच्या बाकापर्यंत जायचं. कंसाबाहेर वजा असेल तर कंस काढताना आतल्या सगळ्या पदांची चिन्हं बदलायची, हे त्यांनी चौथ्यांदा सांगितलं. ही बाई आपली पहिल्याचं बदलायची आणि बाकीच्यांना तसंच सोडून द्यायची.

दहावीचं गणित तिचं दोनदा राहिलं होतं. परवा तिसरी खेप. सुटलं तर शिवणशाळेत शिकवायची जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली. नाहीतर आहेच जन्मभर लोकांच्या बाह्या शिवणं. तिला ती जागा फार हवी होती. इतकी, की बोलून दाखवायचीही लाज वाटे.

"पण बाबा, सगळ्यांचीच का?"

"का म्हणजे? नियम आहे."

तिने पेन खाली ठेवलं. नियम तिला पाठ होता, हात ऐकत नव्हता. डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून तिने मशीनवरचा अर्धा शिवलेला कोट ओढला, बाहीत हात घातला आणि बाही सुलटी केली. मग थांबली. पुन्हा उलटी केली. पुन्हा सुलटी.

"बाबा, वजा म्हणजे बाही उलटवणंच की हो," ती सावकाश म्हणाली. "आत असेल ते बाहेर, बाहेर असेल ते आत. एकच शिवण उलटवीन आणि बाकीच्या तशाच ठेवीन म्हटलं, तर जमायचंच नाही."

तिने ४अ − ५ खोडून ४अ + ५ लिहिलं. पुढची सहाही उदाहरणं न थांबता सोडवली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. एकही चुकलं नव्हतं.

मास्तरांनी वहीवर नुसती नजर फिरवली. मग कोटाची ती बाही हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

"माझ्या वर्गात एक मुलगी होती," ते म्हणाले. "रोज विचारायची, सगळ्यांचीच का. मला उद्धट वाटायची. दर वेळी बाकावर उभी करायचो."

"मग?"

"मग तिने विचारणं सोडलं."