शेवट सांगू नये

“त्या जाड कादंबरीतली धाकटी लेक शेवटी घरी परत येते का? कुणीतरी सांगा हो,” वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंदुमतीबाईंनी लिहिलं, आणि भालचंद्रराव हसले. ग्रुप त्यांचाच, नियमही त्यांचाच: पुस्तक सुचवावं, भरभरून बोलावं, पण शेवट सांगू नये.

“बाई, प्रसाद कीर्तन संपल्यावरच मिळतो. बसा निमूट!” त्यांनी ठणकावलं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी विचारलं, “एवढी कसली घाई, काकू?” बाईंनी नुसते हात जोडले.

नवव्या दिवशी इंदुमतीबाईंच्या नंबरावरून निरोप आला: “मी त्यांची मुलगी. आई काल गेली. मी परगावी होते. दवाखान्यातल्या सिस्टर सांगतात, तिला पुस्तक हातात धरवत नव्हतं, जो येईल त्याला त्या लेकीचंच विचारायची. तुमच्यापैकी कुणी सांगितलं होतं का तिला? तेवढं कळलं तर बरं वाटेल.”

एका ‘हो’ने त्या पोरीचं ओझं हलकं झालं असतं. भालचंद्ररावांनी तो लिहिलाही. पण जन्मभर कीर्तनं ऐकलेला माणूस! आख्यान अर्ध्यावर टाकून उठलेले बुवा त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि इथे त्यांच्याच दारातून एक श्रोता अर्ध्यावर उठून गेला होता. वर आता खोटा प्रसाद कसा वाटायचा? त्यांनी ‘हो’ पुसला.

“नाही गं, बाळ. त्यांनी विचारलं होतं. मीच सांगू दिलं नाही.”

“बरं,” एवढंच उत्तर आलं. मग इंदुमतीबाई ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ उमटली.