फोनचा गुण

कुणी नेमानं विचारपूस केली तरी माणसाचा बीपी उतरतो, हे नांदेडच्या डॉक्टरांना कागदावर सिद्ध करायचं होतं. म्हणून दिपाली सिस्टर दर सोमवारी कंधारच्या सरजाबाईला फोन लावायची.

"मावशी, गोळी घेतली का?"

"घेतली की. तू जेवलीस का, माय?"

पोटच्या पोरानं वर्षात एवढंही विचारलं नव्हतं.

सहा महिन्यांनी सिस्टर हरखून म्हणाली, "मावशी, कालच्या तपासणीत तुमचा बीपी एकदम नॉर्मल! डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. आता फोन फक्त बीपी वाढलेल्यांनाच."

"म्हंजे मला न्हाई?"

"तुम्हाला कशाला आता? ठणठणीत झालात की!"



सरजाबाईनं फोन ठेवला, ताट पुढं ओढलं आणि भाकरीवर मूठभर मीठ ओतून घेतलं.