सही

युद्धात वॉर्डचं आणि माझं विमान पाडलं गेलं आणि आम्ही शत्रूच्या तुरुंगात पडलो. 'आम्ही गुन्हेगार आहोत' एवढ्या कागदावर सही कर, घरी सोडतो, असं ते वॉर्डला रोज सांगायचे. त्यांनी त्याची बोटं मोडली, पण त्याने सही केली नाही. त्या मोडक्या बोटांकडे बघूनच आमच्या नेब्रास्का राज्याने त्याला अमेरिकेच्या संसदेवर निवडून दिलं.

आज आमचं जुन्या सैनिकांचं हॉस्पिटल बंद करणारं विधेयक मतदानाला होतं. मी आणि त्याची बायको मार्वा वर गॅलरीत बसलो होतो. फलकावर वॉर्डच्या नावापुढे विरोधाचा लाल दिवा लागला. विधेयक एका मताने पडत होतं. घड्याळ शून्यावर आलं, तरी सभापती मतदान संपवेनात. त्याच्याच पक्षाचे पुढारी हसत हसत वॉर्डभोवती जमले. एकाने खांद्यावर हात टाकला, दुसऱ्याने वाट अडवली.

"काय धमकावत असतील गं?" मी विचारलं.

"पुढच्या निवडणुकीत पाडू म्हणत असतील," मार्वा म्हणाली. "विमानासकट पडलाय तो, त्याला काय त्याचं. आणि हट्टी किती आहे, ते मला विचार. साधी ताटली विसळायला लावून दाखव त्याला."

बऱ्याच वेळाने कोंडाळं सुटलं. वॉर्ड मान खाली घालून पुढच्या टेबलापाशी गेला. मत बदलायचं हिरवं कार्ड त्याने उचललं.


आणि त्या मोडक्या बोटांनी सावकाश सही केली.