सातवा विभाग

काचेची खोली. लाल दिवा. निवलेला चहा. बाबांचा कालचा टोमणा: "तुमचा अंदाज म्हणजे तुझ्या आईच्या भाजीतलं मीठ, कधी कमी, कधी जास्त." ती रेडिओवर समुद्राचं विभागवार हवामान वाचणार होती. कागदावर सातवा विभाग शांत. पडद्यावर वादळ तिकडेच वळलेलं. "साहेब, नवा इशारा?" "सही व्हायचीय. तोवर आहे तेच वाच." सातव्यात बाबांची होडी होती. आपला विभाग ऐकला की ते बॅटरी वाचवायला रेडिओ बंद करत. तिने सहावा सावकाश वाचला. मग आठवा. सातवा येईपर्यंत बाबा ऐकत बसणार. नववा, दहावा. कागद संपला, सही आली नाही. "सातवा गाळलास," साहेब दार ढकलत म्हणाले, "वाच, मोकळी हो." दार पायाने अडवून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सहाव्यावर असताना सही आली, आणि तिने सातव्याचा इशारा वाचला. बाबा घरी आले ते दुसऱ्याच बंदरावरून, बसने, अनवाणी.