काच वर जाईपर्यंत

रोज सकाळी तिचा नवरा पिकअपमध्ये बसून बटण दाबायचा आणि काच कण्हत-कुथत वर चढायची. तेवढ्यात ती बाहेरून बजावून घ्यायची, "डबा वेळेवर खा. आणि आज तरी ही काच दुरुस्त करून आणा!"

नवरा वारल्यावर गाडी विकायची ठरली, तेव्हा ती स्वतः गाडी गॅरेजात घेऊन गेली. मिस्त्रीने दार उघडून काचेच्या खाचेतलं रबर पुसलं, स्प्रे मारला. काच सर्रकन वर गेली.

"एवढंच होतं, वहिनी. दादांना कितीदा म्हटलं. म्हणायचे, राहू दे रे, काच लवकर लागली तर तिचं बोलणं अर्धंच राहील."

मिस्त्रीने काच खाली घेऊन पुन्हा बटण दाबलं.

ती काहीतरी बोलणार, तोवर काच बंद झाली होती.