शेवटचा एक टक्का

सहा महिने बाप बघत होता. लेकाचं गेममधलं अख्खं शहर लुटून झालं. बँका फोडल्या, टोळ्या संपवल्या, पोलिसांच्या गाड्या पेटवल्या, पण पठ्ठ्या कधी दमला नाही. गेम शंभर टक्के पूर्ण व्हायला आता एकच काम उरलं होतं: टॅक्सीतून शंभर भाडी सुखरूप पोचवायची. वीस झाली आणि त्याने रिमोट भिंतीवर आपटला.

"डोकं फिरलं माझं. एक म्हणतो हळू चालव, दुसरा म्हणतो उशीर झाला. असलं भिकार काम करतं तरी कोण?"

बापाचा घास हातातच राहिला. त्याने ताट सरकवलं, खुंटीवरची टॅक्सीची किल्ली काढून लेकापुढे टाकली.

"ऊठ. उरलेली ऐंशी माझ्या गाडीवर मार."